आखाजीला निघतेस ना, मग हे ऐक

अगं, आखाजीला माहेरी निघालीस हे ऐकून बरं वाटलं. दिंडोलीत रो-हाउस घेतल्यापासून तू सुरतेबाहेर पडलीच नाहीस. घराचा हप्ता, मुलांची शाळा, पाव्हण्यांची लूमवरची पाळी, यातून आईला भेटायला सवडच मिळाली नाही. जा, लग्नसराई आटोपूनच ये. पण भाड्याच्या खोलीत होतीस तेव्हाची गोष्ट वेगळी होती. चाळीत दाराला दार लागून होतं, एकीनं खोली बंद केली की चौघींचं लक्ष असायचं. आता शेजारी सौराष्ट्रातले, समोर गंजामकडचे उडिया, कोपऱ्यावर बिहारचं कुटुंब. सगळी कष्टाची माणसं, पण कोण कधी येतं-जातं ते एकमेकांना ठाऊक नाही. म्हणून जायच्या आधी काही गोष्टी तुझ्या कानावर घालते.

घरफोडी करणारा कुलूप किती भारी आहे ते मागाहून बघतो. त्याला आधी खात्री हवी असते, की आत कुणी नाही आणि लवकर कुणी येणारही नाही. ही खात्री बहुतेक वेळा आपणच त्याला देतो.

सुरतेत घरं कधी रिकामी असतात हे कळायला कुणी फितूर लागत नाही, पंचांग पुरतं. दिवाळीत लाभपाचमेपर्यंत कापड मार्केट बंद, हिऱ्यांचे कारखाने त्याहून जास्त दिवस बंद. वराछा, कतारगाम सगळं सौराष्ट्राच्या वाटेला लागतं. उत्तरायणाला, १४ आणि १५ जानेवारीला, अख्खं घर गच्चीवर आणि खालचं दार नुसतं लोटलेलं. नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत गरबा. चांदणी पडव्याला घारी आणि भुसू घेऊन रात्री रस्त्याच्या कडेला जेवायला बसायची इथली रीत तुलाही आता आवडायला लागली आहे. आणि आखाजीपासून पहिल्या पावसापर्यंत उधना, लिंबायत, गोडादरा, दिंडोलीतली आपली खानदेशी माणसं भुसावळच्या गाडीत. हे वेळापत्रक आपल्याला जसं पाठ असतं तसं चोरालाही असतं.

तू म्हणशील, घर कुठे बंद राहणार आहे, पाव्हणे तर इथेच आहेत. तेच तुला सांगायचंय. त्यांची रातपाळी असली की संध्याकाळी सातला खात्यावर जायचं आणि सकाळी सातला यायचं. म्हणजे रोज ठरलेल्या वेळी, ठरलेले बारा तास घर अंधारात आणि बाहेरून कुलूप. गावाला गेलेल्या घराची निदान परतायची वेळ चोराला ठाऊक नसते, इथे तीही ठाऊक असते. तू नसशील तेवढे दिवस त्यांना दिवसपाळी मागून घेता आली तर बघायला सांग. नाही जमलं तर रात्री कुणी नातलग झोपायला येईल अशी सोय लाव. उधन्यात दाजींचे दोन पुतणे आहेत, त्यातला एखादा येईल. मी बोलते त्यांच्याशी.

आता बाहेरून दिसणाऱ्या खुणा. दुधाच्या पिशव्या आणि पेपर बंद करून जा. पण दारावर तशी चिठ्ठी लावू नको, दूधवाल्याला समक्ष सांग. ओट्यावरच्या चपला सगळ्या आत ठेवू नको, रोजच्या वापरातल्या दिसतील अशा दोन जोड्या राहू दे. दिवा रात्रंदिवस लावून ठेवायची पद्धत मोडीत काढ. भर दुपारी पोर्चचा बल्ब जळत असला की घरात कुणी नाही हे अख्ख्या गल्लीला कळतं. इलेक्ट्रिकच्या दुकानात टायमरचा प्लग मिळतो, संध्याकाळी लागणारा आणि रात्री विझणारा, तो हॉलच्या दिव्याला जोड. आणि स्टेशनवरचे फोटो, झोक्यावरचे फोटो मोबाइलच्या स्टेटसवर टाकायचे असतील तर परत आल्यावर टाक. तुझ्या फोनमध्ये रिक्षावाल्यापासून टाइल्स बसवणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे नंबर आहेत, आणि त्यातल्या कितीजणांना स्टेटस दिसतं ते तूही सांगू शकणार नाहीस.

दाराकडे नीट बघ. पेपरात घरफोडीची बातमी येते तेव्हा वाक्य ठरलेलं असतं, कडी-कोयंडा तोडून आत शिरले. कारण आपण हजार रुपयांचं कुलूप आणतो आणि ते ज्या कोयंड्यात अडकवतो तो बोटभर स्क्रूवर लाकडात बसवलेला असतो. कटावणीचा एक हिसका बसला की कुलूप शाबूत राहतं आणि कोयंडा हातात येतो. तेव्हा सुताराला बोलावून कोयंड्याला फळीच्या आरपार जाणारे बोल्ट लावून घे, नट आतल्या बाजूला. बाहेर लोंबणारं कुलूप शक्यतो नकोच. दाराच्या आत बसणारं लॅच कुलूप घेतलंस तर घर बंद आहे की माणसं आत झोपली आहेत हे बाहेरून कळत नाही. त्यापुढे लोखंडी जाळीचा दरवाजा असला तर उत्तम. तो बिजागरीच्या बाजूनंही घट्ट आहे ना ते बघ.

पुढच्या दाराला आपण एवढं जपतो आणि मागचं विसरतो. रो-हाउसमध्ये चोर गच्चीवरून येतो. एका ओळीतल्या सगळ्या गच्च्या एकमेकींना लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. गच्चीच्या दाराला पत्र्याचं पान आणि एक कडी, एवढाच बंदोबस्त असतो. ते दार मुख्य दाराइतकंच मजबूत कर. बाथरूमच्या खिडकीतल्या काचेच्या पट्ट्या हातानं सरकवून काढता येतात, तिथे ग्रिल बसव. घरामागच्या चौकडीत शिडी, कुदळ, पहार असं काही उघड्यावर ठेवू नको. चोराला हत्यार आपल्याच घरातलं मिळू नये.

आता सोन्याचं. तुझं सोनं तांदळाच्या डब्यात आहे हे मला माहीत आहे, कारण आईचंही तिथंच असायचं. आजीचं गोधडीत. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या या जागा चोरानंही पिढ्यान्‌पिढ्या बघितल्या आहेत. डबे, देवघर, गादीखाली, साड्यांच्या घडीत, हे सगळं तो आधी उपसतो. कपाटाची चावी त्याच कपाटावर किंवा कॅलेंडरमागे असते हेही त्याला ठाऊक असतं. लोखंडी कपाटातली तिजोरी कटावणीला फार वेळ दाद देत नाही. म्हणून ऐक, रोजचं मंगळसूत्र आणि कानातलं सोडून बाकी घरात ठेवू नको. आणि सगळे दागिने अंगावर घालून गाडीतही बसू नको. लग्नाला जे लागेल तेवढंच ने, तेही पिशवीत न ठेवता अंगाला लागून.

बँकेत लॉकर घे. मिळायला वेळ लागतो, म्हणून जायच्या आधीच अर्ज दे. रिझर्व्ह बँकेचे लॉकरचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत, त्यातल्या दोन गोष्टी तुला माहीत असायला हव्यात. लॉकर उघडला की त्याच दिवशी तुझ्या मोबाइलवर आणि ईमेलवर तसा निरोप आला पाहिजे. म्हणून नंबर तुझा दे, फक्त पाव्हण्यांचा नको. दुसरी, लॉकरमध्ये काय आहे ते बँक विचारत नाही आणि त्याचा विमाही उतरवत नाही. बँकेच्या हयगयीमुळे चोरी किंवा आग झाली, किंवा तिच्याच माणसानं फसवलं, तर ती जास्तीत जास्त वार्षिक भाड्याच्या शंभर पट देणं लागते. भाडं २,००० रुपये असेल तर २ लाख. सोनं त्याहून जास्तीचं असलं तरी हाच आकडा. लॉकर तरीही घरापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, पण हे समजून घेऊन घे. नॉमिनी लिहायला विसरू नको.

आणि सुरतेत आणखी एक गोष्ट बघावी लागते, जी जळगाव-धुळ्याला कुणी सांगणार नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून पाणी सोडलं आणि तापीनं निम्म्याहून जास्त शहर बुडवलं. तळमजले पाण्याखाली गेले. पूर, भूकंप, वीज यांनी लॉकरचं नुकसान झालं तर बँकेवर ती जबाबदारी येत नाही. म्हणून नदीकाठच्या भागात तळघरातला किंवा तळमजल्यावरचा लॉकर मिळत असेल तर दुसरी शाखा बघ. कागदपत्रं ठेवायची तर जाड प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेव. घराची मूळ कागदपत्रं कर्ज फिटेपर्यंत बँकेकडेच असतील, पण त्यांच्या झेरॉक्सचा एक संच आपल्या गावच्या घरी ठेव.

यापेक्षाही मोठं काम मी तुला सांगणार आहे, आणि ते फार कमी बायका करतात. दागिन्यांची वही कर. एकेक दागिना पांढऱ्या कापडावर ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढ, शेजारी मोजपट्टी ठेवून. वजन ग्रॅममध्ये लिही. कुणी दिला, कधी दिला, कोणत्या सराफाचा, पावती आहे का, ते लिही. १ एप्रिल २०२३ पासून सराफाला सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. प्रत्येक नगाचा तो क्रमांक वेगळा असतो. बीआयएस केअर नावाच्या अॅपमध्ये तो घातला की दागिना कुणी नोंदवला, शुद्धता किती, हे दिसतं. भिंगानं बघून तो क्रमांक वहीत उतरव. आईच्या काळातल्या पोतीवर आणि पाटल्यांवर असा क्रमांक नसेल. ते ओळखीच्या सराफाकडे तोलून त्याच्या कागदावर लिहून घे. वहीचे फोटो मला पाठव, म्हणजे ते तुझ्या घराबाहेरही राहतील.

ही वही का, ते सांगते. आमच्या गल्लीत चोरी झाली तेव्हा त्या बाईला पोलिसांनी साधं विचारलं, काय काय गेलं, वजन किती. तिला एकाही दागिन्याचं वजन सांगता येईना. सासूचा आकडा वेगळा, नवऱ्याचा वेगळा. त्यात नातेवाईक म्हणाले, कमी लिही, नाहीतर इन्कम टॅक्सवाले विचारतील. तिनं निम्मंच लिहिलं. माल सापडला असता तरी बाकीच्या निम्म्यावर तिला हक्क सांगता आला नसता. तू असं करू नको. प्राप्तिकर खात्याच्या झडतीतसुद्धा विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅमपर्यंतचे, अविवाहित मुलीचे २५० ग्रॅमपर्यंतचे आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत अशी १९९४ सालची सूचना आहे. आपल्यासारख्या घरात तेवढं सोनं असतं तरी कुठे? खरं वजन सांगायला भिऊ नको. आणि तुला माहेराहून, सासरहून मिळालेलं सोनं हे तुझं स्त्रीधन आहे, कायद्यानं तुझ्या एकटीच्या मालकीचं. ते कुठे आहे, किती आहे, हे तुलाच नीट माहीत असायला हवं.

दारावर येणाऱ्यांचं सांगायचं राहिलं. दुपारी पुरुष कामावर असतात तेव्हा गल्लीत चावी बनवणारा ओरडत येतो. कपाटाचं कुलूप अडलेलं असतं, आपण बोलावतो. तो कुलूप खोलतो, मग म्हणतो, ही चावी जरा गॅसवर गरम करून आणा, तेल आणा. तू स्वयंपाकघरात गेलीस तेवढ्यात आतलं रिकामं. वरून सांगून जातो, कुलूप जाम आहे, आज उघडू नका, उद्या येतो. कपाटाचं कुलूप बिघडलं तर बाजारात बसलेल्या ओळखीच्या दुकानदारालाच बोलव, आणि आधी सोनं बाहेर काढून ठेव. दुसरे येतात ते दागिने चमकवून देणारे. आधी तांब्याची भांडी चकाकून दाखवतात, मग पाटल्या मागतात. त्यांच्या द्रावणात सोनं विरघळवणारं आम्ल असतं. पाटल्या पिवळ्याधमक होऊन परत येतात, वजन मात्र उतरलेलं असतं. अशा माणसाला दारातूनच पुढे पाठव, पाणी मागितलं तरी जाळीच्या आतून दे.

पण एक गोष्ट मी मनापासून सांगते. सावध राहायचं म्हणजे कुणाच्या जातीवर, बोलीवर संशय घ्यायचा असं नाही. आपल्याकडे चोरी झाली की लगेच पारध्यांचं नाव घेतात. १८७१ सालच्या इंग्रजांच्या कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी आपल्या जिभेवरचा शिक्का गेला नाही. घरातलं काही दिसेनासं झालं की तसंच कामवालीकडे बोट जातं. तुझ्याकडे भांडी घासायला येते ती बाई तुझ्याइतकीच घामाचं खाते. गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर घरकामगाराची आणि भाडेकरूची नोंदणी होते, ती तिला विश्वासात घेऊन, सांगून कर. वरची खोली भाड्यानं देणार आहेस ना, मग भाडेकरूची नोंद करणं सुरतेत घरमालकाला बंधनकारकच आहे. नोंद कर आणि मग उगाच संशयानं बघू नको.

शेजाऱ्यांशी बोल. तुला उडिया येत नाही, समोरच्या बाईला मराठी येत नाही, पण मोडकी गुजराती दोघींना येते. जाताना तिला सांग, मी या तारखेला येणार, काही आवाज आला तर फोन कर. तिचा नंबर घे, तुझा दे. पुढच्या महिन्यात ती गंजामला जाईल तेव्हा तिच्या घराकडे तू बघ. सोसायटीत वर्गणी काढून रस्त्याच्या तोंडाशी एक कॅमेरा आणि रात्रीचा एक वॉचमन ठेवता आला तर त्यात पुढाकार घे. सुरत पोलिसांनी २०१३ पासून चौकाचौकात कॅमेरे बसवून नियंत्रण कक्ष चालवला आहे, त्याचा तपासाला उपयोगही होतो, पण ते कॅमेरे मोठ्या रस्त्यांवर असतात. तुझ्या गल्लीत कोण शिरलं ते गल्लीलाच बघावं लागेल. आणि जायच्या आधी दिंडोली पोलिस ठाण्यात रात्री घर बंद असण्याच्या तारखा लिहून दे. रात्रीच्या फेरीत एक चक्कर जास्तीची पडली तरी पुरे.

देव न करो, पण झालंच, तर काय करायचं तेही ऐकून ठेव. दार तुटलेलं दिसलं तर आत धावत जाऊ नको, तो आत असू शकतो. बाहेरूनच ११२ लाव. पोलिस येईपर्यंत कपाट, कडी, सांडलेले डबे, कशालाही हात लावू नको. बोटांचे ठसे पहिल्या तासात आपल्याच माणसांच्या हातानं पुसले जातात. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. त्यात कुठल्याही पोलिस ठाण्यात फिर्याद देता येते. म्हणजे तू अमळनेरला असताना शेजारणीचा फोन आला तर तिथल्या ठाण्यातही जाऊ शकतेस. ऑनलाइन कळवलंस तर तीन दिवसांत सही करावी लागते. राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

इथे फिर्याद गुजरातीत लिहिली जाते. आपलं शिक्षण मराठीत झालेलं, अक्षर ओळखीचं वाटतं पण भरभर वाचता येत नाही. सही करायच्या आधी ती वाचून दाखवा असं स्पष्ट म्हण, तो तुझा हक्क आहे. प्रत्येक दागिन्याचं नाव आणि वजन वहीशी ताडून बघ, मगच सही. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नको. तपास कुठवर आला ते नव्वद दिवसांत पोलिसांनी तुला कळवायचं असतं. माल सापडला तर तो ठाण्यात वर्षानुवर्षं पडून राहू द्यायचा नाही. २००२ साली गुजरातमधल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की फोटो आणि पंचनामा करून, हमी घेऊन असा माल लवकर सोडावा, पंधरा दिवस ते महिन्याहून जास्त ठाण्यात ठेवू नये. गुजरात पोलिसांचा ‘तेरा तुझको अर्पण’ म्हणून कार्यक्रमही असतो, सापडलेल्या वस्तू मालकांना परत देण्याचा. मात्र हे माझंच आहे असं दाखवायला कागद लागतो, आणि तो कागद म्हणजे तुझी वही.

विम्याचं एवढंच, की घरकर्जाबरोबर जी पॉलिसी मिळाली तिच्यात चोरी आहे असं धरून चालू नको. भारत गृह रक्षा नावाची प्रमाणित पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे १ एप्रिल २०२१ पासून आहे. तिच्यात आग, पूर, भूकंप येतात, पण चोरी येते ती अशा आपत्तीमागोमाग सात दिवसांत झालेली. एरवीच्या घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि दागिन्यांचा उल्लेख वेगळा करावा लागतो. घर सलग महिनाभर बंद राहणार असेल तर काय, ते एजंटाकडून लिहून घे.

तुझी गाडी शनिवारची आहे. सुताराला उद्याच बोलव, लॉकरचा अर्ज परवा दे. दागिन्यांचे फोटो मात्र आज दुपारी, पोरं झोपली की काढ, आणि लगेच मला पाठव.